खालच्या वावराची माती

बाबा, मावशीचं खालचं वावर भरून काढायला माती हवी होती, म्हणून मी गेल्या आठवड्यात मनोरच्या पलीकडे जाऊन आले. ट्रक ठरवला होता, माणसं सांगून ठेवली होती, माती बघितली, हातात चोळून पाहिली, आणि न घेता परत आले. हे कुणाला तरी सांगावंसं वाटतंय आणि ज्याला कळेल असं माणूस उरलेलं नाही. आई असती तर तिने आधी "एवढ्या उन्हात कुणी सांगितलं होतं जायला" म्हणून झापलं असतं आणि मग शांतपणे सगळं ऐकून घेतलं असतं, पण तिलाही जाऊन बरीच वर्षं झाली. तुम्हाला जाऊन तर इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा तर मला आधी तुमचा खोकला आठवावा लागतो. मी आता नोकरीतून निवृत्त झालेय. बोईसरच्या शाळेत जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना वळण लावलं, त्यामुळे थोडं मास्तरणीसारखं बोलेन, ते सोसून घ्या.

सफाळ्याहून खाली खाडीकडे उतरलं की आपली भट्टी होती, हे आता गावातल्या तरुण मुलांना सांगावं लागतं. तिथे नुसता एक उंचवटा उरलाय, त्यावर निवडुंग आणि टाकळा. पण मी तिथे उभी राहिले की मला सगळं दिसतं. तुम्ही चाकापाशी बसलेले आहात. चाकावरच्या गोळ्यातून लांब नळकांडं वर ओढताय, ते ओलं असतानाच दोऱ्याने दोन्ही बाजूंना चीर देताय, आणि आई ते उचलून सावलीत वाळत घालते आहे. भाजून निघालं की एक टिचकी, आणि एका नळकांड्याची दोन कौलं. ती टिचकी मारायचं काम माझं. एकदा भिजवलेल्या मातीचा एक गोळा मी कावळ्याला फेकून मारला होता. कावळा गेला उडून, गोळा गेला गटारात. तुम्ही चाक थांबवलंत. तुम्ही चाक सहसा थांबवत नसायचात, अगदी दारी पाहुणा आला तरी. म्हणालात, "जा, उचलून आन. माती काय झाडाला लागते?" मी गटारात हात घालून तो गोळा शोधला, धुतला, आणून दिला. तुम्ही तो परत ढिगात घातलात आणि चाक फिरवायला लागलात. मला तेव्हा तुमचा फार राग आला होता. सात-आठ वर्षांच्या पोरीला एका चिखलाच्या गोळ्यावरून गटारात हात घालायला लावणारा बाप, असं मी मनात बरेच दिवस धरून बसले होते.

आई मात्र तुमच्यावर वेगळ्या कारणाने चिडायची. भट्टी लागली की चार दिवस धूर गावावर बसून राहायचा. चुलीवरचं दूध धुरकट, वाळत घातलेलं लुगडं धुरकट, आणि भट्टीला वारा उलटा लागला की शेजारच्या वाडीतला आंब्याचा मोहोर काळपट पडून गळायचा. वाडीवाला येऊन ओट्यावर बसायचा. नुसता बसायचा आणि चहा पिऊन जायचा. तुम्हाला ते भांडणापेक्षा जड जायचं. लाकूड डोंगरातून यायचं. कातकरणी, वारलणी डोक्यावर मोळ्या घेऊन उतरायच्या. आधी वाळकी फाटी असायची, मग ओली ऐनाची, आणि शेवटी शेवटी मुळं खणून आणलेली. आई ती मुळं बघून म्हणायची, "डोंगराची दाढी झाली, आता कातडं सोलताय." तुम्ही हसून म्हणायचात, "घरोघरी मातीच्या चुली. चूल हाय तर लाकूड लागनारच." आई म्हणायची, चूल आणि भट्टी एक नाय. यावर तुम्ही जेवणातल्या मिठाबद्दल बोलायला लागायचात.

हे सगळं होतं, पण मातीच्या बाबतीत तुमचा हात सरळ होता. भाताची कापणी झाली की ज्याला घर शाकारायचं असेल तो स्वतःच यायचा, आणि आपल्या भागातला तो रिवाजच होता: वावरातली माती द्यायची आणि घरावर कौलं घ्यायची, पैशाचा विषय नाही. तुम्ही वावराची वरची काळी साय आधी अलगद काढून बाजूला रचायचात, खालची चिकण हातभर काढायचात, जास्त नाही, आणि ती साय परत पसरून द्यायचात. पुढच्या पावसात तिथे पुन्हा भात उभा राहायचा. शेतकऱ्याला कळायचंही नाही की त्याच्या वावरातून एक आख्खं छप्पर निघून गेलंय. शाळेत मी मुलांना निसर्गाचा समतोल वगैरे शिकवत असे तेव्हा पुस्तकातलं उदाहरण सोडून मला तुमची ती साय आठवायची.

मग मावशीचं घर जळलं. मावशी म्हणजे आईची मैत्रीण, आपल्या शेजारची. नात्याने कुणी नाही, पण आपल्या ताटातलं तिच्या ताटात जायचं आणि तिच्यातलं आपल्या. घरावर गवताचं छप्पर. चैत्रातली दुपार, चुलीची एक ठिणगी वर गेली आणि पाणी आणेपर्यंत भिंती तेवढ्या उरल्या. तिचा नवरा आधीच वारलेला. आम्ही सगळे राखेत भांडी शोधत होतो आणि मावशी रडतही नव्हती, नुसती बांबूच्या जळक्या टोकाकडे बघत होती. तुम्ही तिच्याजवळ जाऊन बसलात आणि म्हणालात, "वहिनी, आता गवत नको. कौलं घालू." ती म्हणाली, "कशाची घालू? माज्याकडं हाय काय?" तुम्ही म्हणालात, "खालचं वावर हाय ना. त्याची माती दे. घर मी शाकारून देतो."

खालचं वावर खाडीच्या बांधाला लागून. माती इतकी चिकण की पायातून सुटायची नाही. पण त्याला एक खोड होती. एक अंग उंच, तिथे पाणी ठरायचं नाही, रोपं पिवळी राहायची. मावशीला ती खोड जन्माची डाचत होती. तुम्ही हातभर खणून थांबायला लागलात तेव्हा तीच बांधावरून ओरडली, "अजून काडा ना, भाऊ! खोल गेलं तर पानी थांबंल!" मी तिथेच होते, हे मी ऐकलं आहे. गोड्या पाण्याच्या शेतकऱ्याचं शहाणपण होतं ते. वावर जितकं खोल तितकं पाणी जास्त, पाणी जास्त तितकं भात जास्त. बांधाच्या पलीकडे खारं पाणी उभं आहे याचा विचार तिनेही केला नाही आणि तुम्हीही केला नाहीत. त्याच वर्षी बोईसरला कारखान्यांच्या मागे कामगारांच्या चाळी उठत होत्या आणि सगळ्यांना कौलं हवी होती, कालच हवी होती. तुम्ही खोल गेलात. कंबरेइतकं गेलात. मावशीच्या घराला लागली त्याच्या चौपट माती तिथून निघाली आणि उरलेली बोईसरच्या चाळींवर गेली. बाजूला रचलेली साय एका अवकाळी पावसात निम्मी वाहून गेली. पुढे लग्न होऊन मी ज्या चाळीत राहायला गेले तिच्यावरही आपलीच कौलं होती. तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा वर बघून तुमच्या अंगठ्याची खूण मला दाखवलीत, आणि मी शेजारणींना मोठ्या ऐटीत सांगितलं. त्या कौलांखाली माझी मुलं मे महिन्यातसुद्धा गाढ झोपायची. आता स्लॅबखाली राहते, रात्री भिंतींना हात लावला तर पोळतो.

मावशीचं घर शाकारलं तो दिवस मात्र मला तुमच्यापासून वेगळा काढता येत नाही. तुम्ही वाशांवर बसलेले, खालून आम्ही कौलं वर देतोय, एकाची पन्हळ वर, एकाची खाली, ओळ पुढे सरकते आहे. मावशी अंगणात उभी राहून नुसती मान वर करून बघत होती. शेवटचं कौल बसवून तुम्ही खाली उतरलात तेव्हा ती तुमच्या पायावर डोकं ठेवायला वाकली आणि तुम्ही "अगं वहिनी, येडी का काय" म्हणत उडी मारून मागे सरलात, यावर सगळे हसले. तुमचा चेहरा तेव्हा कसा होता ते मी पाहिलंय. त्या दिवशी आईसुद्धा तुम्हाला काही बोलली नाही.

दोन पावसाळे वावर बरं पिकलं. तिसऱ्या वर्षी भाद्रपदातल्या अमावास्येच्या उधाणाला बांधाखालून पाणी आलं. खेकड्यांची बिळं असतातच बांधात, पूर्वीही असायची, पण पूर्वी वावर उंच होतं. आता ते भरतीच्या पातळीखाली गेलं होतं आणि खाडीने वाट ओळखली. भात आधी टोकांना पिवळं झालं, मग पेंढ्यासारखं. दिवाळीनंतर वावर वाळलं तेव्हा त्यावर पांढरा पापुद्रा धरला होता. मावशीने चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकली. तुम्ही तिथेच होतात. तिने तुम्हाला दोष दिला नाही. "मीच बोलली व्हती खोल काडा म्हनून," एवढंच म्हणाली. तुम्ही म्हणालात, "मी भरून देतो, वहिनी." त्यानंतर दर अमावास्या-पौर्णिमेला तुम्ही टोपलीभर चिकण घेऊन बांधावर जायचात आणि बिळं लिंपत बसायचात. दुसऱ्या उधाणाला नवी बिळं. आई म्हणायची, जेवून तरी जा. तुम्ही भट्टी हळूहळू कमी केलीत आणि एका वर्षी लावलीच नाहीत. खोकला वाढत गेला. वावर भरायचं राहून गेलं.

हे वचन मी दिलेलं नव्हतं आणि अंगावर घेतलंही नव्हतं. पण कुंभाराची सून कधीतरी उकिरड्यावर येणारच म्हणतात, इथे लेक आली. गेल्या हिवाळ्यात मावशीचा निरोप आला. ऐंशीच्या पुढे गेलीय ती, पाठीतून पार वाकलीय, पण जीभ जागेवर आहे. तिच्या घरावर अजून निम्मी तुमचीच कौलं आहेत, निम्मी माकडांनी फोडली म्हणून तिथे निळे पत्रे. मला जवळ बसवून म्हणाली, "बाय, मला त्या वावराचा भात एकदा खायचाय. मंग मी मोकळी. तुज्या बापानं भरून देतो म्हनून सांगितलं व्हतं." मागितलं असं नाही, सांगितलं. मी हो म्हणून बसले. नाही म्हणायला जीभ कुठून आणणार?

आधी मला वाटलं, आपल्या भट्टीचाच उंचवटा खणून वावरात टाकू. तुम्ही नेहमी म्हणायचात, कौल फुटलं तरी मातीच, मातीत जातं. मी कुदळ मारून पाहिली. बाबा, नाही जात. इतक्या वर्षांनी एकेक खापर जसंच्या तसं, कडासुद्धा झिजलेल्या नाहीत, लाल, कोरडं, कुठलंही मूळ आत शिरलेलं नाही. एकदा भाजलेली माती पुन्हा माती होत नाही. हे तुम्हाला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. तुम्ही ते बोलायचं टाळत असाल, एवढंच. मग बोईसरचा एक ठेकेदार कुणाकडून तरी ऐकून घरी आला. कारखान्यांतला टाकाऊ सुका माल आहे म्हणाला, "मैडम, फ्री में भर देंगे. ऊपर से दो फुट मिट्टी डाल दो, किसको क्या दिखेगा?" मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. जन्मभर त्या कारखान्यांच्या नाल्याचा वास घेतलाय मी, रंग बघितलेत. तिथे नकार द्यायला काही लागलं नाही. सोपं होतं.

अवघड मनोरला झालं. मनोरच्या बाजारातून पुढे डोंगराकडे एक पाडा आहे, तिथल्या एकाला माती विकायची आहे असं कळलं होतं. गेले. डोंगराच्या पोटाला त्याची दोन-तीन गुंठ्यांची उतरंडीची पट्टी, वर नाचणी, खाली थोडी वरी. चाळिशीचा माणूस, बायको दारात बसून शेंगा सोलत होती. मी मूठभर माती उचलली. चांगली होती. जिवंत होती, गांडुळाची विष्ठा होती तिच्यात, पाल्याचा वास होता. मी त्याला विचारलं, "ही सगळी दिलीत तर तुम्ही पेरणार कुठे?" तो म्हणाला, "हिच्यात काय ठेवलंय, बाई? दिवाळी झाली का आमी वीटभट्टीवर जातो, सगळी. माती न्या. घरावर पत्रं घालायचं हायत, गवत आता मिळत नाय." मी मूठ उघडून माती खाली सोडली तर त्याला वाटलं मी किमतीसाठी अडले. तो पुढे होऊन, हाताने उतार दाखवत म्हणाला, "खालपर्यंत काडा तुमी. जागा सपाट होईल, मंग आमी भात लावू." खाली खडक आहे, बाबा. दीड हातावर खडक दिसत होता, कडेला उघडा पडलेला. त्यालाही दिसत असणार. पण माणसाला घरावर छप्पर हवं असलं की खालचा खडक दिसत नाही, हे मी मावशीच्या बांधावर उभी राहून शिकलेले आहे.

मी त्याला म्हटलं, नको, ही माती मला चालणार नाही. तो हिरमुसला. त्याला वाटलं मी त्याच्या मातीला नावं ठेवली. पत्र्यांचं काय ते मी बघते असं म्हणावंसं वाटलं आणि मी म्हणालेही, पण त्याने मान वळवली. भीक नव्हती मागितली त्याने, माल विकत होता. ट्रकवाल्याने रिकाम्या फेरीबद्दल परतीच्या वाटेवर पालघरपर्यंत कटकट केली आणि मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. महामार्गाच्या कडेने कापलेले डोंगर, लाल, ओळीने. कुठलंतरी कुणाचंतरी भरून काढायला तेही कुठेतरी गेलेत.

मावशीला खोटं सांगता आलं असतं. माती खराब निघाली म्हटलं असतं तर तिने मानलंही असतं. पण तिच्यासमोर खोटं माझ्या तोंडून कधी निघालेलं नाही, म्हणून सगळं सांगितलं, तो माणूस, ते पत्रे, तो खडक. बांध पक्का करून घेतलाय हे सांगितलं. खारं पाणी आत येणं थांबलं की पावसाच्या पाण्याने मीठ हळूहळू धुऊन जातं, काही वर्षांत वावर पुन्हा गोडं होईल, हेही सांगितलं. काही वर्षांत, हे शब्द तिच्या तोंडाकडे बघत बोलता आले नाहीत, तेव्हा मी तिच्या हाताकडे बघून बोलले. तिने तो हात पदराखाली घेतला. मग म्हणाली, "त्या मनोरच्या मानसाची तुला कीव आली. चांगलं झालं. आन माजं काय?" तिचा राग बरोबर होता. पन्नास पावलांवर तिचं पांढरं पडलेलं वावर होतं आणि मी तिला परक्या माणसाच्या उताराची गोष्ट सांगत होते. थोड्या वेळाने तीच म्हणाली, रागाने नाही, साधं, जेवताना बोलतात तसं, "तुजा बाप असता तर त्यानं आनली असती."

खरं आहे. तुम्ही आणली असती. त्या माणसाचं घर तुम्ही स्वतः शाकारून दिलं असतं, वाशांवर चढून, त्याच्या बायकोला हसवून, आणि तिकडची माती इकडे आणून मावशीच्या वावरात पसरली असती. दोन घरं तुम्हाला दुवा देत राहिली असती. खडकाचं दुखणं पुढच्या कुणाच्या तरी वाट्याला गेलं असतं. मावशीने पुढच्या हिवाळ्यात आपल्या वावराचा भात खाल्ला असता.

हे मी कुणाला वाचायला देणार नाही. मावशीला वाचता येत नाही आणि मुलांना यातलं काही कळायचं नाही. पण मावशीने ते वाक्य म्हटलं तेव्हा मला तुमचा राग यायला हवा होता, एवढं सगळं माहीत असताना. आला नाही. तुमचा हेवा वाटला.